कोरा फ्लॅश

लग्नाचं नाव काढलं की माणसं हरखतात. शिवहारच्या कपाळाला आठी पडायची. औंढ्याला नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याचा साधना फोटो स्टुडिओ होता, बायकोच्या नावाचा. तुळशीचं लग्न लागलं की हा माणूस जो दुसऱ्यांच्या मांडवात जाऊन उभा राहायचा, तो मिरग निघेपर्यंत घरी पाहुण्यासारखाच यायचा. पट्ट्यानं खांद्यावर वळ पडला होता. फ्लॅश मारून मारून डोळ्यांपुढं हिरवे ठिपके नाचायचे. जेवण मिळायचं ते शेवटच्या पंगतीला, तेव्हा बुंदी संपलेली असायची आणि वरण बुडाला लागलेलं असायचं. "लोकाच्या लग्नात नाचायचं आन् आपल्या घरी कण्हायचं," असं साधना म्हणायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

पण तो खरा थकला होता तो कोऱ्या फ्लॅशला.

हे कोरं प्रकरण धंद्याबाहेरच्या माणसाला माहीत नसतं, म्हणून सांगतो. तेव्हा रोलचे कॅमेरे होते. एका रोलात छत्तीस फोटो, आणि लग्नघरचा मालक दोन रोल सांगायचा. इकडं आहेराच्या वेळी नवरानवरीशेजारी उभं राहायला अख्खं गाव रांग लावायचं. मग मालक हळूच कानाशी यायचा. "जवळच्याचे काढा, बाकीच्याला नुसती वीज मारा." फ्लॅशच्या पाठीला एक बारकं बटण असतं. कॅमेऱ्याचं बटण न दाबता तेवढंच दाबलं की लख्ख उजेड पडतो, आत रोलावर मात्र काहीच उमटत नाही. समोरचा माणूस टोपी सारखी करतो, डोळे मिचकावतो आणि आपला फोटो निघाला म्हणून समाधानानं जेवायला जातो. ही काही शिवहारनं काढलेली युक्ती नव्हती. परभणीपासून वाशिमपर्यंत सगळेच ती करायचे. फसवणूक म्हणा, नाहीतर गरिबाचं मन राखणं म्हणा. शिवहार सुरुवातीला मन राखणं म्हणायचा. अलीकडं त्यानं काही म्हणणंच सोडलं होतं.

हिंगोली परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाली, त्यानंतरच्या पहिल्या लग्नसराईत एका मांडवात वाढप्याची वरणाची बादली थेट शिवहारच्या झूमवर उपडी झाली. झूम म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडावरचं लांबडं भिंग. फोडणीचं वरण त्याच्या पेरापेरात गेलं. धुतलं, पुसलं, उन्हात ठेवलं, तरी ते पुढंमागं होईना, आणि डोळ्याला लावलं की हिंगाचा वास यायचा. नवं घेणं भाग होतं. त्याच आठवड्यात रामकिशन स्टुडिओत आला.

रामकिशन कुरुंद्याकडचा. थोडी शेती, बाकी मेंढरं. पुतणीचं लग्न ठरलं होतं आणि फोटोचं काम शिवहारला सांगायचं होतं. पुतणी सोबतच होती. शिवकन्या तिचं नाव. नवरदेवाकडच्यांनी तिचा एक फोटो मागितला होता. तिला स्टुलावर बसवून शिवहार दिवे लावत होता, तेवढ्यात रामकिशन चहा सांगायला बाहेर पडला. पोरगी जणू त्याचीच वाट पाहत होती.

"काका, वीज न पाडता फोटो निघतो का?"

"काहून? डोळे दुखतेत का तुझे?"

"माझे न्हाई. मायचा फोटो पाह्यजे मला. एकच. ती विजेसमोर उभीच ऱ्हात न्हाई."

"भेत आसंल."

"समदे तेच म्हणतेत. माझी माय लांडग्याला भेत न्हाई, विजेला काय भेणार?"

मग तिनं सांगितलं ते असं. ती रांगत होती तेव्हाची गोष्ट. गावातले मोठे जमीनदार व्यंकटराव यांच्या पोराचं लग्न होतं. हिच्या बापाची, प्रभूची मेंढरं खताला म्हणून त्यांच्याच वावरात बसायची, म्हणून प्रभू आणि गोजरबाईला बोलावणं होतं. दोघांनी आहेर केला, नवरानवरीशेजारी उभे राहिले, परभणीच्या फोटोवाल्यानं वीज पाडली. जोडीनं दोघं कॅमेऱ्यासमोर उभे राहिले ते तेवढंच. पुढल्या पावसाळ्यात प्रभू गेला. गोजरबाईनं त्या फोटोसाठी व्यंकटरावांच्या दारी कितीतरी चकरा मारल्या. अल्बममध्ये तो नव्हता. फोटोवाल्यानं दिला नाही, असं त्यांनी सांगितलं.

"माय म्हणती, त्याच्यापाशी आसंल, येईल कवातरी. आन् पह्यला येऊ द्या, मंगच दुसरा काढू. तवापासून तिनं फोटो काढला न्हाई. बाप कसा दिसायचा ते मला ठावं न्हाई, काका. आता मी जाऊन राहिले वाशिमकडं. मायचं तरी तोंड जवळ आसावं."

शिवहारला ऐकता ऐकताच कळलं होतं. मेंढरं बसवणाऱ्या नवराबायकोसाठी जमीनदाराच्या लग्नातला रोल कोण खर्च करतो? परभणीवाल्यानं पाठीचं बटण दाबलं होतं. गोजरबाई सतरा-अठरा वर्षं ज्या फोटोची वाट पाहत होती, तो जगात कुठंच नव्हता. त्याला फार वाईट वाटलं, आणि ते पोरीला सांगावं असं मात्र वाटलं नाही. "निघतो," एवढंच तो म्हणाला. "हनुवटी वर कर."

दुसऱ्या दिवशी तो नांदेडला गेला. गुरुद्वाऱ्याकडच्या एका गल्लीत रूपसिंग जुने कॅमेरे आणि भिंगं विकायचा. रूपसिंगनं काउंटरवर दोन नग ठेवले. एक लांबलचक झूम, मनगटाएवढा जाड, जवळचं-लांबचं सगळं ओढून आणणारा. दुसरं भिंग चहाच्या कपाएवढं. ना पुढं सरकणार, ना मागं. काढायचं तर पायानं पुढं चालत जायचं.

"शादीवाले लोग ये लंबावाला मांगते," रूपसिंग म्हणाला. "रुबाब आहे त्याला."

हे खरंच होतं. गावाकडं फोटोवाल्याची पारख त्याच्या भिंगाच्या लांबीवरून व्हायची. शिवहारनं कॅमेरा पुढं केला. "अंधारातलं कोणतं?"

रूपसिंगनं दोन्ही भिंगं आणि शिवहारला मागच्या खोलीत नेलं आणि दिवा मालवला; दाराच्या फटीतून येईल तेवढाच उजेड उरला. खोलीत बारदानाची पोती होती. झूम लावून पाहिलं तर विहिरीत डोकावल्यासारखं काळं. कपाएवढं भिंग लावलं आणि पोत्याची शिवण दिसायला लागली.

"याचं तोंड मोठं उघडतं," रूपसिंग म्हणाला. "जितना मुंह खुला, उतनी रोशनी अंदर. चारशेचा, जास्त उजेड पकडणारा रोल टाक, दिव्याच्या उजेडात काम होईल. मगर एक तकलीफ आहे. पूरा उघडलं की एकच माणूस साफ येतो. नवरी साफ, तो पिछेवाला धुंदला. दोघं पाहिजेत तर खांद्याला खांदा लावून उभे कर, एका रेषेत. नाहीतर एकाला निवडावं लागतं."

शिवहार बराच वेळ दोन्ही भिंगं हातात घेऊन उभा राहिला. झूम घेतला तर पुढच्या दहा लग्नांचं काम चोख. छोटं घेतलं तर पायांची वणवण, लोकांच्या माना वाकड्या, आणि ते कशासाठी, तर एका पोरीला दिलेल्या अर्ध्या शब्दासाठी. दोन्ही घेण्याची ऐपत नव्हती. इतक्या वर्षांत त्यानं भिंग निवडलं ते नेहमी गिऱ्हाईक बघून. ह्या खेपेला गिऱ्हाईक कोण, तेच त्याला नीट सांगता आलं नसतं. त्यानं छोटं घेतलं.

साधनानं डबी उघडून पाहिलं. "एवढुसं? लांबडं कुठाय?"

"मूर्ती लहान पण कीर्ती महान."

"कीर्तीचं बघू. लोक म्हणतील शिवहाररावाच्या कॅमेऱ्याचं नाक कापलं कुणी."

लोक तसंच म्हणाले. लग्नाच्या दिवशी रामकिशननं कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. मांडव वस्तीवरच, मेंढरांच्या वाड्याला लागून होता. मुहूर्त गोरज. शिवहार दुपारीच पोचला, हळदीपासून फोटो सुरू केले. मांडवाच्या मेढीला टेकून एक बारकी, सावळी बाई उभी होती. कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर घट्ट. शिवहारचा कॅमेरा तिच्या बाजूला वळला की ती दोन पावलं मेढीच्या आड व्हायची. ही गोजरबाई, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. पोरगी तिचीच, पण विधवा म्हणून कन्यादानाला रामकिशन आणि त्याची बायको सिंधूबाई बसणार होते. गोजरबाईला त्याचं काही वाटत होतं की नाही हे चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ती नुसती पाहत होती. मेंढरामागं जन्म काढलेल्या माणसाची नजर असते तशी, न हलणारी. आणि ती कॅमेऱ्याकडं पाहत नसून शिवहारच्या हाताकडं पाहतेय, हे त्याच्या ध्यानात आलं. का, ते मात्र आलं नाही.

अक्षता पडल्या. आहेराची रांग लागली. रामकिशन ठरल्या वेळी ठरल्यासारखा कानाशी आला. "दोनच रोल हायेत, शिवहारराव. जवळच्याचे काढा. बाकीच्याला नुसती वीज."

शिवहारनं मान हलवली. व्यंकटराव म्हातारे झाले होते, तरी काठी टेकत आले होते. त्यांचा काढला. नवरदेवाच्या मामाचा काढला. मग वस्तीवरचे मेंढके, त्यांच्या बायका, कडेवरची लेकरं. शिवहारचं बोट आपोआप पाठीच्या बटणावर गेलं. लख्ख. पुढं. लख्ख. पुढं. एका म्हाताऱ्यानं नीट उभं राहण्यासाठी बायकोचा हात धरला आणि सोडला. लख्ख. शिवहारनं मान वर केली तर गोजरबाई मेढीपाशी तशीच, त्याच्या हाताकडं पाहत होती. पण रांग मोठी होती आणि रोल तेवढाच होता, म्हणून त्यानं हात थांबवला नाही.

रांग सरता सरता लाइट गेली. त्या काळी ती जायचीच, कोणी चकार शब्द काढला नाही. झालीची तयारी सुरू झाली. झाल म्हणजे वेळूची टोपली, तिच्यात कणकेचे पेटते दिवे. ती नवरदेवाच्या आईबापाच्या, जवळच्यांच्या डोक्यावर ठेवायची आणि पोरगी त्यांच्या पदरात घालायची. हा विधी झाला की पोरगी परकी झाली. मांडवात तेवढा त्या दिव्यांचाच उजेड होता. शिवहारनं फ्लॅश काढून पिशवीत टाकला आणि भिंग पूर्ण उघडलं.

सासूच्या डोक्यावर झाल होती. समोर शिवकन्या, डोळे सुजलेले. आणि तिच्या मागं पाच-सहा पावलांवर मेढीला धरून गोजरबाई. आता वीज नाही म्हटल्यावर ती आड झाली नव्हती. दिव्यांचा पिवळा उजेड लेकीच्या खांद्यावरून थेट तिच्या तोंडावर पडत होता. दिवसभर जे तोंड दगडासारखं होतं, ते आता रडत होतं, आवाज न करता.

शिवहारनं भिंगाची कडी फिरवली. शिवकन्या साफ दिसली, माय धुकट झाली. परत फिरवली. माय साफ, नवरी धुकट. रूपसिंग म्हणाला होता तसंच. झालीच्या फोटोत नवरीचंच तोंड पुसट आलं तर त्या फोटोवाल्याला पुढल्या साली त्या गावात कोण बोलावणार? रामकिशन काय बोलेल हे शिवहारला तोंडपाठ होतं. त्याचे हात दुखत होते, पाय दुखत होते, आणि गिऱ्हाइकाला काय आवडेल याचा विचार करायचा त्याला खरोखर कंटाळा आला होता. त्यानं कडी मायवर थांबवली, श्वास रोखला आणि बटण दाबलं. मग सवयीनं अंगठ्यानं खटका ओढून रोल पुढं सरकवला.

सगळे तसेच उभे. सासू झाल धरून ताठ, नवरदेव छाती काढून.

"ओ फोटोवाले, पाडा की वीज," सासू म्हणाली. "मान अवघडून राहिली."

"झाला फोटो," शिवहार म्हणाला.

"कसा झाला? वीज कुठं पडली?" रामकिशन पुढं आला. पाहुण्यांत कुजबूज सुरू झाली. रोल संपला असंल, कोणी म्हणालं. अहो, भिंगच अर्धं आणलंय, दुसरा म्हणाला, आणि चारजण हसले. रामकिशनचा आवाज चढला. "झालीचा फोटो पुन्हा येत आसतो का? पाव्हण्यात माझी काहून शोभा करून राहिले तुमी?"

वीज न पाडता फोटो निघतो हे ह्या मांडवाला पटवून द्यायचं त्राण शिवहारमध्ये नव्हतं.

"निघाला फोटो," मेढीपासून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. गोजरबाई दिवसभरात पहिल्यांदाच बोलली होती. "त्यानं खटका वढला. म्या पाह्यला. फोटो निघाला का त्यो वढतो."

रामकिशन भावजयीपुढं दोन पावलं मागं सरला. गोजरबाई चालत शिवहारपाशी आली आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलली.

"दुपारपासून तुझा अंगठा पाहून राहिले, बापू. व्यंकटरावाच्या येळंला तू खटका वढला. आमच्या मेंढक्यांच्या येळंला न्हाई वढला. वीज मातर बराबर पाडली."

शिवहारनं खटक्यावरचा अंगठा काढला.

"परभूचा आन् माझा काढला तवा त्या परभणीवाल्याचा हात मला आजून दिसतो. वीज पडली आन् त्यानं हात खाली घेतला. खटका वढलाच न्हाई त्यानं." ती थांबली. "मंग त्यो फोटो त्याच्यापाशी न्हाई ना?"

रोल संपला असेल, कॅमेरा बिघडला असेल, असं काहीही सांगता आलं असतं. शिवहारच्या जिभेवर ते आलंही होतं. "न्हाई, माय," तो म्हणाला. "कुठंच न्हाई."

गोजरबाईनं वाड्याकडं पाहिलं. अंधारात मेंढरं दाटीनं बसली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं, दोन्ही गाल, कपाळ, सगळं नीट.

"लई वाट पाह्यली रे," ती म्हणाली. "चल. आता दुसरा काढ."

ती सरळ झालीकडं गेली. सिंधूबाई हळूच म्हणाली, "जाऊबाई, आत्ता झालीपाशी नका..." पण गोजरबाई थांबली नाही, आणि सिंधूबाईनंही पुढं हात केला नाही. शिवकन्यानं मायला येताना पाहिलं आणि जागा केली. शिवहारनं दोघींना खांद्याला खांदा लावून उभं केलं, एका रेषेत. गोजरबाईनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. कणकेचे दोन दिवे विझले होते. उरलेल्यांचा उजेड पुरेल की नाही हे त्यालाही नक्की माहीत नव्हतं.

"हलू नका," तो म्हणाला. "वीज न्हाई पडणार."

"नसू दे," गोजरबाई म्हणाली.

त्यानं बटण दाबलं. मग कॅमेरा डोळ्यावरून काढून तिला नीट दिसेल असा पुढं धरला आणि खटका सावकाश, पार शेवटपर्यंत ओढला. गोजरबाईची नजर त्याच्या अंगठ्यावरच होती. अंगठा मागं आला तेव्हा तिनं लेकीच्या खांद्यावरचा हात काढला.